उत्तर: लास व्हेगासचे लाउंज डीजेंनी संपवले?

डीजे आले आणि व्हेगासचं लाउंज संगीत, म्हणजे कॅसिनोतल्या छोट्या बारमध्ये फुकट ऐकायला मिळणारा जिवंत बँड, गेलं, हे मला पटत नाही. मढं केव्हाच पडलं होतं, डीजे नंतर आले.

१९५४ पासून सहारा हॉटेलच्या कॅसबार लाउंजमध्ये लुई प्रीमा आणि कीली स्मिथ हे गायक नवरा-बायको मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत एका रात्रीत पाच-पाच खेळ करायचे. बारला लागून इवलंसं स्टेज, तिकीट नाही, फक्त ड्रिंक घ्यायचं. बाई निर्विकार चेहऱ्याने उभी आणि नवरा भोवती धुडगूस घालतोय, सोबत सॅम ब्युटेराचा सॅक्सोफोन! कॅसिनोला त्यातून थेट कमाई नकोच होती, गिऱ्हाईक जुगाराच्या टेबलापासून लांब जाऊ नये एवढंच हवं होतं.

१९६९ च्या कायद्याने नेवाडात मोठ्या कंपन्यांना कॅसिनो चालवणं सोपं झालं आणि प्रत्येक विभागाचा नफा वेगळा मोजला जाऊ लागला. त्या हिशेबात फुकटचा बँड कसा बसणार? अनेक लाउंजच्या जागी केनो (आकड्यांचा जुगार) आणि स्लॉट मशीन आली. १९८९ चा वादकांचा संप कॅसिनोंच्या मोठ्या शोरूममधल्या, म्हणजे कार्यक्रमांच्या सभागृहांतल्या, टेपवरच्या संगीताविरुद्ध होता. महिनोन् महिने चालला, पण वादक हरलेच.

डीजेला निदान पैसे तरी बक्कळ मिळतात म्हणा.