ॲरिस्टॉटल एका पानावर एक म्हणतो, पुढच्या पानावर भलतंच?

घड्याळवाला:
दुकानात गिऱ्हाईक नसलं की ॲरिस्टॉटलचं ‘पोएटिक्स’ (काव्य-नाटकावरचं पुस्तक) उघडतो. १३व्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो, उत्तम ट्रॅजेडीत माणूस सुखातून दुःखात पडतो, तोही दुष्टपणामुळे नव्हे तर मोठ्या चुकीमुळे. उदाहरण ईडिपस, नकळत बापाला मारणारा. बरं. १४व्यात मात्र पहिला नंबर कुणाला? आप्तावर हात उगारला, ऐनवेळी ओळख पटली नि घात टळला, त्याला! ईडिपस दुसरा. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. मीच चुकीचं वाचतोय का?

मधलीसुट्टी:
नाही हो, भल्याभल्यांची गाडी इथंच अडते. १८व्या शतकात जर्मन नाटककार-समीक्षक लेसिंगनं वाट काढली, की १३व्यात सबंध कथानकाचा विचार आहे, १४व्यात फक्त घाताच्या प्रसंगाचा. मला ती डागडुजी वाटते.

उंबरा:
निम्मा घोळ आपल्या ‘शोकांतिका’ शब्दाचा आहे. शेवट नावातच ठरवून टाकला! ग्रीक ट्रॅजेडी शेवटी रडवतेच असं नाही. नाटककार युरिपिडीसची टॉरिसमधली इफिजेनिया बघा. परक्यांना देवीपुढे बळी देण्याआधीचे विधी तिच्याकडे. पुढ्यात सख्खा भाऊ ओरेस्टीस, पण दोघांनाही पत्ता नाही. ती ओरेस्टीसचा मित्र पिलाडीस याच्याजवळ घरी पोचवायला पत्र देते. समुद्रात गेलंच तर तोंडी सांगता यावं म्हणून मजकूरही सांगते. पत्र ओरेस्टीसलाच! पिलाडीस हात लांब करतो नि तिथल्या तिथे ते त्याला देऊन टाकतो. ॲरिस्टॉटल यावर खूश, कारण घरी पत्र धाडावंसं वाटणं साहजिकच. पण मग बहिणीची खात्री पटवायला ओरेस्टीस तिनं विणलेलं कापड, तिच्या खोलीतला पूर्वज पेलॉप्सचा भाला असल्या खुणा सांगत बसतो, ते ॲरिस्टॉटलला खपत नाही. तिथं कथानक नाही, कवी बोलतो म्हणे. (शकुंतलेच्या अंगठीचं त्यानं काय केलं असतं!)

मधलीसुट्टी:
उंबराताई, पत्राचं मान्य. पण दुःखान्त करतो म्हणूनच तर १३व्यात ॲरिस्टॉटल युरिपिडीसची पाठराखण करतो. सगळं खापर मराठी शब्दावर कसं फोडायचं?

उंबरा:
म्हणून तर निम्मा म्हटलं!

घड्याळवाला:
आणि १४व्यातली मेरोपी?

उंबरा:
ती युरिपिडीसच्याच ‘क्रेसफॉन्टीस’मधली; त्या नाटकाचे तुकडेच उरलेत. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, पोटच्या पोरालाच त्याचा खुनी समजून ती कुऱ्हाड उगारते, तेव्हा थांबवणारा म्हातारा वेळेत पोचतो की नाही या धास्तीनं अख्खं थिएटर हादरायचं.

घड्याळवाला:
शेवट गोड, तरी भीती पुरेपूर! प्रश्नचिन्ह खोडत नाही, शेजारी ‘कुऱ्हाड’ लिहिलंय. सेल बदलायला कुणी आलंय, रात्री बोलू.