पाय चार्टला फाशी देण्याआधी एकदा सोसायटीचा हिशेब मांडून बघा

गोरेगावचा_खजिनदार
परवा इथे एकाने लिहिलं, "पाय चार्ट काढणाऱ्याचा कॉम्प्युटर जप्त करा. मुख्य खाती असोत की पोटखाती, सरळ बार काढा." (पाय म्हणजे फोडी केलेली गोल चकती, बार म्हणजे पट्टे.) खाली अंगठ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोकं तापलंय.

नऊ वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे, फुकट. वार्षिक सभा गच्चीवर. निम्म्या लोकांचं लक्ष वड्यांच्या वासाकडे. त्यांना एवढंच हवं असतं की आपल्या शंभर रुपयांतले किती कशात गेले. पालिका, पगार, वीज, दुरुस्ती, चार फोडी. "अरे, निम्मे पालिकेलाच!" हे मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं. बारमध्ये 'सगळं मिळून' कुठे दिसतं? चार काठ्या उभ्या केल्यात, बेरीज तुम्ही करा.

मुंबईचंच घ्या. २०११ ची जनगणना: शहर जिल्हा ३०.८५ लाख, उपनगर ९३.५७ लाख. पाय काढला की पाऊण मुंबई उपनगरात राहते हे न वाचता दिसतं. बारमध्ये दिसेल 'तिप्पट'. दोन्ही खरंच, पण प्रश्न वेगळा.

एक्सेलग्रस्त
परवाचं मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. दोन तुकड्यांचा पाय शेंबडं पोरही वाचेल. आता एक पायरी खाली उतरा. त्याच जनगणनेतले पालिकेचे २४ वॉर्ड घाला. के पूर्व मोठा की पी उत्तर? कोनमापक आणा! क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की एका रेषेवरची लांबी माणूस नीट वाचतो, कोन वाचताना जास्त चुकतो. मूळ वाद पोटखात्यांचाही होता. तुम्ही वरच्या पायरीवरच टाळ्या घेतल्यात.

माझी जळजळ का, तेही सांगतो. जुन्या कचेरीत साहेबांना थ्रीडी पाय लागायचा, तिरका. पुढची फोड जाड दिसते, म्हणून त्यांचा विभाग कायम पुढे. वर्षभर ती फोड फिरवत बसलो. बढती मात्र भलत्यालाच.

तळमजला_००२
पाय-बार जाऊ द्या. खजिनदार, तुमच्या चार फोडींत लिफ्ट कुठाय? आमच्याकडे 'दुरुस्ती'त ढकलतात. वीस वर्षांत मोजून चारदा चढलो असेन, तेही गच्चीवरच्या सभेला. पैसे सातव्या मजल्याइतकेच!

गोरेगावचा_खजिनदार
सोसायट्यांचे नियम, म्हणजे आदर्श उपविधी, आहेत तसे. लिफ्ट वापरा न वापरा, त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान. पाणी नळांची संख्या आणि आकार बघून. मी नाही लिहिले.

तळमजला_००२
पाठ आहेत मला. मग चेंबर तुंबलं की पाणी समान का नाही वाटत? २६ जुलैला, २००५ ला, आमचा फ्रिज तरंगत होता. वरचे खिडकीतून "अरेरे" करत होते.

सातवा_मजला
आणि दर पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये बादल्या लागतात, तेव्हा तुम्ही कुठे असता?

तळमजला_००२
गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे भरत असतो!!

सातवा_मजला
ओरडू नका. गुडघे गेले की सगळ्यांना लिफ्ट आठवते. माझ्या आईला स्ट्रेचरवरून जिन्याने खाली आणलंय, लिफ्ट बंद होती म्हणून.

तळमजला_००२
आईंचं वाईट वाटलं. पण आकारणीचं बोला.

चहा_कटिंग
मध्येच शिरतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी पाय चार्ट काढूनच सैनिक वाचवले ना?

पार्ल्याची_मास्तरीण
तो पाय नव्हे. १८५८ च्या त्या आकृतीत कोन सगळे सारखे, त्रिज्या बदलते. आणि बार (१७८६) नि पाय (१८०१), दोन्ही विल्यम प्लेफेअर या एकाच माणसाचे. भाऊबंदकी आहे ही.

आता लिफ्ट. दुरुस्तीतला लिफ्टचा वाटा आणि एकूण खर्चातला वाटा, हे दोन वेगळे प्रश्न. दुरुस्तीचा वेगळा पाय काढलात की त्यात लिफ्ट अर्धी दिसते आणि सभेत बोंब उठते, "निम्मा मेंटेनन्स लिफ्टवर!" माझी मुलं दर वर्षी हेच करतात. सनबर्स्ट, म्हणजे आत मुख्य खाती नि बाहेरच्या कड्यात पोटखाती असा पाय, नको, एक्सेल २०१६ पासून आयता मिळतो म्हणून तर नकोच. सारख्या रुंदीची कडी असली तर बाहेरच्या कड्यात तेवढ्याच कोनाला जास्त जागा मिळते, म्हणजे पोर आईपेक्षा मोठं दिसतं. ट्रीमॅप, म्हणजे चौकोनात चौकोन, संगणकशास्त्रज्ञ श्नायडरमन यांनी काढला तो चौदा जणांच्या सामायिक ८० मेगाबाइट हार्ड डिस्कवर जागा कोण खातंय ते बघायला. हजारो फायलींना ठीक, गच्चीवर कोण वाचणार?

आडवे बार काढा. मुख्य खातं गडद, खाली पोटखात्यांची नावं थोडी आत सरकवून, पट्टे फिके. पण सगळे एकाच शून्यावरून. आणि सगळ्यात वर 'एकूण'चा पट्टा.

एक्सेलग्रस्त
हेच तर म्हणत होतो मी.

पार्ल्याची_मास्तरीण
नाही. तुम्ही कॉम्प्युटर जप्त करत होतात. 'एकूण'चा पट्टा खजिनदारांच्या तक्रारीमुळे आलाय.

एक्सेलग्रस्त
बरं. दोन-तीन फोडींपर्यंत पायला माफी. थ्रीडीला नाही.

गोरेगावचा_खजिनदार
आभारी आहोत, महाराज.

रात्री आडवे पट्टे काढून बघितले. लिफ्टचा पट्टा सामायिक विजेच्या पट्ट्यापेक्षा लांब निघाला. नऊ वर्षांत दिसलं नव्हतं, कारण लिफ्ट एका पायमध्ये आणि वीज दुसऱ्यात. दुसरं पान बारचं, मान्य. पहिल्या पानावर पायच राहणार. जप्तीला माणूस पाठवा, वडा खाऊन जाईल.

तळमजला_००२
त्या लिफ्टच्या पट्ट्यात तळमजल्याचा वाटा लाल रंगवाल का?