हरणासाठी काडतुसं घरी भरताना आपण नक्की कशामागे धावतो?

रानभूल

आधीच सांगतो, परवाना काढून, ठरलेल्या हंगामात जिथे शिकार चालते तिथलीच ही गोष्ट. शिकार असावी की नसावी हा वाद वेगळा, त्यासाठी दुसरा धागा काढा.

माझं म्हणणं असं की हरणासाठी काडतुसं भरणारे आपण बरेचजण भलत्याच पेपराचा अभ्यास करतो. ३०८ मापाची रायफल घेऊन बसायचं, काडतुसातली बंदुकीची दारू थोडी थोडी वाढवत न्यायची, १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्या मारायच्या आणि ज्या तीन कागदावर एकमेकींना चिकटल्या ते दारूचं माप झालं ‘माझं लोड’. हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून आठ-दहा इंचांचं लक्ष्य. १०० ला दीड इंचात मारणारी रायफल २०० ला तीन इंचांत मारते. त्यापुढचा घोळ आपला श्वास, टेकू आणि घाई यांचा.

मीही याच नादात होतो. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या गोळ्यांचा पसारा, लहान यावा म्हणून काडतुसात गोळ्या इतक्या बाहेर बसवल्या की बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) लावला की टोक नळीतल्या पीळदार खाचांना, म्हणजे आट्यांना, टेकायचं. कागदावर पाऊण इंच! संध्याकाळी एकही बार न काढता रायफल रिकामी करायला बोल्ट मागे ओढला, तर गोळी आट्यांत अडकून राहिली आणि नुसती केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर आली. दारूचे राखाडी दाणे मॅगझिनमध्ये, बोल्टच्या खाचांत, चापापर्यंत सांडले. गज घालून गोळी मागे ठोकेपर्यंत अंधार पडला आणि दुसरी सकाळ दाणे वेचण्यात गेली.

तेव्हापासून माझा क्रम असा: आधी गोळी कोणती आणि हरणापर्यंत पोचेल तेव्हा तिचा वेग किती उरेल, मग काडतूस दर वेळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) विनातक्रार जातं-येतं का, आणि ग्रुप सगळ्यांत शेवटी.

मोजपट्टी

साफ असहमत. गोळी अडकली तो दोष चांगल्या ग्रुपचा नाही, तुमचा. आटे कुठे सुरू होतात ते मोजून थोडी मागे बसवली असती तर ग्रुपही राहिला असता आणि सकाळही. पोहताना नाकात पाणी गेलं म्हणून विहिरीला शिव्या देण्यातला प्रकार.

अचूक काडतूस हरणासाठी नसतंच, ते माझ्यासाठी असतं. नेम चुकला तर तो माझाच चुकला हे कळायला हवं. दीड इंची रायफलवाला घरी येऊन रायफललाच दोष देतो.

रानभूल

गणित करून बघा. समजा शेतबांधाला टेकून मारताना तुमच्या हाताची चूक चार इंचांची आहे आणि रायफलची दीड. दोन्ही चुका एकमेकींवर अवलंबून नसल्या की त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावं लागतं. म्हणजे एकूण साडेपाच नाही, ४.३ इंच. आता हिवाळाभर खपून रायफल पाऊण इंचावर आणा. एकूण ४.१. सगळ्या खटाटोपाची कमाई पाव इंचाहून कमी! तेवढ्याच गोळ्या बसून-उभं राहून मारायच्या सरावात घातल्या असत्या तर चाराचे तीन झाले असते.

आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवूच नका. एकाच दिवशी भरलेल्या काडतुसांचे तीन-तीनचे दहा ग्रुप मारा, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा यांत दुपटीहून जास्त फरक सहज दिसेल. आपण त्यातला लहान कागद पाकिटात ठेवतो.

मोजपट्टी

पाकिटातल्या कागदाचं लागलं हो. वर्गमुळाचंही मान्य, पण ते २०० यार्डांपर्यंतच्या माणसासाठी. लांब मारणाऱ्याला एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत होणारा वेगातला चढउतारही भोवतो.

आयतोबा

मुळात घरी भरायचंच कशाला? हरणासाठी हव्या त्या सगळ्या प्रकारच्या गोळ्या आता तयार काडतुसांत मिळतात. एकाच लॉटचे पुरेसे डबे घ्या, त्यावर शून्य लावा, म्हणजे रायफलचा नेम जुळवून घ्या, विषय संपला. घरी भरून पैसे वाचतात म्हणणारा माणूस वाचलेल्या पैशांत आणखी गोळ्या उडवतो, हे आपण सगळे जाणतो.

वर धोका. टेबलावर दारूचे दोन डबे उघडे राहिले आणि चुकीचा उचलला की संपलं. थंडीत जमवलेलं, दारू कमाल मापापर्यंत नेलेलं लोड कडक उन्हात बोल्ट जाम करतं. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून हळूहळू वर जायचं असतं, पण मित्राने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करणारे मी पाहिलेत.

तांबट

आयतोबा, माझ्या जुन्या २७० मापाच्या रायफलसाठी मला हवी ती तांब्याची गोळी तयार मिळायची नाही, म्हणून भरायला लागलो. शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. उरलेली आतडी गिधाडं खातात आणि शिसं त्यांना बाधतं. कॅलिफोर्नियात तर कोंडोर गिधाडांपायी १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची काडतुसं पूर्ण बंद आहेत.

फक्त तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, केसमध्ये जास्त जागा खाते आणि सावकाश पिळाच्या (आटे कमी वळणारे असलेल्या) नळीत नीट स्थिरावत नाही. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यायची. मी १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वरून १३० वर आलो.

बारा_बोर

हलकी घ्या, जड घ्या, लांबवर वेग उतरला की तांब्याची गोळी उमलायला, म्हणजे आत पसरून रुंद व्हायला, कुरकुर करते, सुईसारखी आरपार जाते. मग हरीण दोन टेकड्या ओलांडून पडतं आणि आपण कंदील घेऊन रक्त शोधतो. माझ्या ३०-३० रायफलमधून साधी, मऊ टोकाची शिशाची गोळी निघते. काडतूस १८९५ चं. शंभर यार्डांच्या झाडीत हरणाला याहून जास्त काही लागलेलं मी पाहिलं नाही.

तांबट

शंभर यार्डांत खरंय. पण मॅग्नममधून, म्हणजे जास्त दारूच्या वेगवान काडतुसातून, तीच साधी गोळी जवळून खांद्यावर बसली तर वरच फुटते. अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये याच कारणाने गोळीत मधला पडदा घालायची कल्पना सुचली, त्यांच्या गोळ्या एका मूसला, म्हणजे थंड प्रदेशातल्या अजस्र हरणाला, आत शिरेनात.

बारा_बोर

मूस! चारशे-पाचशे किलोचं धूड ते. आपलं हरीण त्याच्या पायाएवढं. मूसचं औषध हरणाला कशाला?

रानभूल

दोघांचंही एकाच जागी अडतंय, ते म्हणजे गोळी पोचताना उरलेला वेग. बारा_बोर यांच्या झाडीत मऊ गोळीच बरी. ३०८ तून जवळही मारायचं आणि ३०० यार्डांवरही, तर जवळ फुटणार नाही आणि लांब उमलेल अशीच हवी. हे आधी ठरवा, दारूचा डबा नंतर उघडा.

मॅच गोळी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी, मात्र हरणावर नको, कितीही ग्रुप देवो. सिएरा कंपनी स्वतःच आपली मॅचकिंग शिकारीला वापरू नका म्हणते.

मोजपट्टी

मॅच गोळीचं मान्य. बाकी माझा पाऊण इंच मी सोडणार नाही. तुम्ही पुढच्या वेळी प्रत्येक काडतूस एकदा चेंबरमधून फिरवून बघणार का, तेवढं सांगा.

रानभूल

बघणार. बोल्टमधली फायरिंग पिन काढून, आणि मगच डब्यात. काल वीस भरली, त्यातली दोन घट्ट लागली. केसचा खांदा (मानेखालचा उतार) पुरेसा मागे बसला नव्हता, साइझिंग डाय, म्हणजे केस दाबून मापात आणणारा साचा, स्क्रूच्या अर्ध्या आट्याने वर राहिली होती.