शत्रुराष्ट्र, प्रतिस्पर्धी की नुसता 'शेजारी'?

प्रश्न : नमस्कार मंडळी. सोलापुरात कॉलेजच्या मुलांकडून वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेते आहे. विषय आहे, नेत्यांची भाषणे आणि परराष्ट्र धोरण. 'रायव्हल' देशासाठी मुलं सरसकट 'शत्रुराष्ट्र' लिहितात. मला ते खटकतं. काय लिहावं?

उत्तर : ताई, खटकायलाच हवं. आपल्याकडे 'शत्रू' या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. 1968 च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली पाकिस्तान आणि चीनच्या नागरिकांची इथली मालमत्ता सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पण भाषणाला उभा राहिलेला पंतप्रधान हा शब्द सहसा टाळतो, कारण उद्या बोलणी करायची वाट त्याला मोकळी ठेवायची असते. 'मित्र बदलता येतात, शेजारी बदलता येत नाहीत' असं वाजपेयी पाकिस्तानबद्दल म्हणत. त्याच वाजपेयींनी 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना लिहिलेल्या पत्रात चीनचं नावही घेतलं नाही. 1962 मध्ये सशस्त्र आक्रमण केलेलं, आपल्या सीमेवरचं अण्वस्त्रधारी राष्ट्र, एवढाच उल्लेख केला. नाव कुठे गाळलंय ते मुलांना शोधायला लावा. धोरण बरेचदा तिथेच सापडतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींचं. सोव्हिएत संघानं क्यूबात क्षेपणास्त्रं नेली होती. 22 ऑक्टोबर 1962 च्या भाषणात त्यांनी क्यूबाभोवती 'क्वारंटाइन' जाहीर केला. 'ब्लॉकेड' म्हटलं असतं तर आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार ती युद्धाची कृती ठरली असती. समुद्रात जहाजं तीच उभी राहणार होती, पण सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना मागे फिरायला जागा ठेवली ती त्या एका शब्दानं. आणि आपण मराठीत त्याला बेधडक 'क्यूबाची नाकेबंदी' म्हणतो! केनेडींनी जो शब्द जाणूनबुजून टाळला, नेमका तोच. कोरोनानंतर 'क्वारंटाइन' घरोघरी माहीत झालाय, तेव्हा मुलांनी तोच ठेवावा आणि एका वाक्यात कारण सांगावं.

उलट बाजूला अमेरिकेचेच नंतरचे अध्यक्ष रेगन. त्यांनी 1983 मध्ये सोव्हिएत संघाला 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं. तिथे मात्र भाषांतर सौम्य करू नये.

दुसरं उत्तर : सोलापूरकरांनी सोलापूरचं उदाहरण सोडू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये इथेच जन्मले आणि 1942 मध्ये चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेले. चिनी नेते भारतात आले की त्यांचं नाव आवर्जून घेतात. सप्टेंबर 2014 मध्ये शी जिनपिंग दिल्लीत कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले, आणि त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमारला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. आपल्या डॉक्टरांबद्दलचा आदर खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण 'मैत्री' हा शब्द त्या आठवड्यात कुठे कुठे वापरला गेला आणि कुठे नाही, हे मुलांनी जरूर मांडावं.

ताई : कोटणीसांचं अगदी लक्षात आलं नव्हतं, नक्की घेते. मग 'प्रतिस्पर्धी देश' चालेल ना?

पहिले उत्तरकर्ते : व्यापार, शस्त्रस्पर्धा, प्रभावक्षेत्र यांबद्दल बोलताना उत्तम. सीमेवर रक्त सांडलं असेल तिथे तो फिका पडतो, त्या ठिकाणी 'वैर' चालेल. आणि 'कुरापत' जपून वापरा. वर्तमानपत्रांना तो फार आवडतो, पण कुरापत म्हणजे काढलेली खोडी. कारगिलमध्ये 1999 साली जे झालं त्याला आधी 'घुसखोरी' म्हटलं गेलं. खोडी म्हणण्याइतकं ते लहान कधीच नव्हतं.