व्हेनिसची गर्दी म्हणजे तुम्हीच, नाना

पादोवाकर

फिरस्ता नानांची परवाची 'राजवाड्यातून थेट उकिरड्यात' ही पोस्ट वाचली. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: सात रात्री क्रूझवर ऐश, आठव्या दिवशी व्हेनिस बघायला गेले तर पाय ठेवायला जागा नाही, चार बॅगा घेऊन पुलांची चढउतार, वर शहरात शिरायची फी. शेवटचं वाक्य, 'यापेक्षा आपलं दादर बरं.' खाली '+१' ची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

नऊ वर्षं इटलीत, पादोवात आहे. व्हेनिस ट्रेनने अर्ध्या तासावर. भारतातून कुणीही आलं की व्हेनिस दाखवायची हमाली माझ्याकडे.

नाना, तुमची बोट व्हेनिसला आलीच नव्हती. ती रावेन्नाला लागली. पुढे अडीच तास बस होती हे तुम्हीच लिहिलंय. का, ते सांगतो. जून २०१९ मध्ये एमएससी ऑपेरा ही अगडबंब बोट व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यात आवरेना आणि धक्क्याला उभ्या असलेल्या छोट्या प्रवासी बोटीवर जाऊन आदळली. लोकांचा विरोध आधीपासून होताच. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या बोटींना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आली. आता त्या मार्गेरा, रावेन्ना, त्रिएस्ते अशा ठिकाणी लागतात. जाहिरातीत मात्र 'व्हेनिस' ठळक आणि पुढे कंसात, बारीक टायपात, खरं बंदर. कंस वाचायचे असतात.

आणि बोट सकाळीच रिकामी करतात, कारण संध्याकाळी पुढची जत्रा चढायची असते. हॉटेलची खोली मिळणार दुपारी. मधल्या वेळात हे सगळे जीव जातात कुठे? सान मार्को. नाश्ता बोटीवर झालेला, झोप पाण्यापलीकडे, जमिनीवरच्या मेस्त्रेला स्वस्तातल्या हॉटेलात. व्हेनिसच्या वाट्याला कचरा आणि एखाद्या फ्रिज मॅग्नेटचे पैसे. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहत होती, २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांखाली गेला. उरलेल्यांपैकी कुणी भाजी आणायला निघालं की वाटेत तुमच्या चार बॅगा.

फिरस्ता नाना

वा! म्हणजे पैसे आम्ही मोजायचे आणि शिव्याही आम्हीच खायच्या. पादोवाकर, तुम्ही अर्ध्या तासावर राहता, वाटेल त्या मंगळवारी रिकाम्या हाताने जाता. मी चौतीस वर्षं नोकरी करून एकदा गेलो. मिसेसचा गुडघा दुखरा, तरी हौसेने आल्या. बस शहराच्या तोंडाशी, त्रोंकेत्तोच्या बसतळावर सोडून मोकळी. तिथून पुढे ना रिक्षा ना टॅक्सी, हमालाचा पत्ता नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या त्या काचेच्या पुलावर मिसेसचा पाय सटकला. माझ्या दोन्ही हातात बॅगा, धरू कसा?

पाण्यातल्या बसचं तिकीट साडेनऊ युरो, सव्वा तासाचं. एवढ्यात मी बोरिवली-चर्चगेटचा महिन्याचा पास काढतो. याला लूट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

कोथरूडची लेक

काका, दोन माणसांना चार बॅगा???

फिरस्ता नाना

क्रूझवर एक रात्र सूट घालून जेवायला जावं लागतं, ताई. शिवाय गोडा मसाला, चिवडा, लाडू, दशम्या. सात दिवस पास्ता आमच्याच्याने होत नाही.

लोणचं

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. नानांच्या दोन नंबरच्या बॅगेत असेलच.

दस्तुरीचा दादा

मूळ गाव माथेरान. नानांची पोस्ट वाचून हसू आलं. गाडी वर येत नाही हे माहीत असून दर शनिवारी माणसं दस्तुरी नाक्यावर ट्रॉली बॅग घेऊन उतरतात, लाल मातीत ओढतात, चाक तुटलं की शिव्या माथेरानला. नगरपरिषदेची पावती फाडताना तर असं तोंड करतात जणू आम्ही किडनी मागितली. आणि यांनाच व्हेनिसची फी अन्याय वाटते.

वरणभात

दादा, पावतीचं सोडा, घोडेवाल्यांचं बोला. मागच्या मे महिन्यात नाक्यावर आम्हाला सांगितलं, 'ई-रिक्षा बंद आहे, घोडाच घ्यावा लागेल.' सासूबाईंना घोड्यावर बसवलं. दहा मिनिटांत शेजारून ई-रिक्षा गेली, आत चार जण, हात हलवत! पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, ह्यांनी हा धागा वाचला तर पुन्हा भांडण होईल.

दस्तुरीचा दादा

चार जण फसवतात म्हणून गाव चोर? याच फसवणुकीविरुद्ध मार्च २०२५ मध्ये गावाने स्वतःची दुकानं बंद ठेवून बंद पाळला. स्वतःच्या पोटावर पाय देऊन. ते मात्र कुणाला आठवत नाही.

आता हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. बरोबरच आहे, माणसाने माणसाला ओढू नये. पण माझा चुलता आयुष्यभर रिक्षा ओढत आला. ई-रिक्षा त्याच्या हातात पडते की दुसऱ्या कुणाच्या, हा खरा प्रश्न. तुम्हाला सासूबाईंच्या घोड्याचं पडलंय.

वरणभात

माझ्या सासूबाईंना मध्ये आणू नका.

लोणचं

तुम्हीच आणलंत. घोड्यावरून.

पादोवाकर

मंडळी, व्हेनिस.

कोथरूडची लेक

व्हेनिसवर बोलते. आम्हीही बोटीनंतरच गेलो, पण एक रात्र आत शहरातच राहिलो, कास्तेल्लो भागात. हॉटेल मेस्त्रेच्या दुप्पट महाग, नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं होतं. पण संध्याकाळी सात वाजता सगळा लोंढा ओसरला. गल्लीत फक्त आमच्याच चपलांचा आवाज, आणि कुठल्याशा खिडकीतून कुकरसारखी शिट्टी. कॉफीचं भांडं होतं म्हणे. सकाळी साडेसहाला सान मार्कोत कबुतरं, झाडूवाला आणि आम्ही. नानांनी जे पाहिलं ते अकरा ते चारचं व्हेनिस. त्या वेळात तुळशीबागही नको वाटते.

वरणभात

सगळ्यांना नाही परवडत हो महागडी खोली. आम्ही टूरने गेलो, बेचाळीस जण, महाराज सोबत, रात्री गरम वरणभात. नावं ठेवणं सोपं आहे. गाइडने ऐनवेळी आमचे दोन गट केले, म्हणाला पंचवीसच्या वर चालत नाही, भोंगाही वापरायचा नाही. मागच्या गटाला काही ऐकू गेलं नाही. आम्ही पायऱ्यांवर बसून डबे उघडले तर शिपाई आला, उठा म्हणाला. बसायलाही बंदी? भुकेलेल्या माणसाला?

पादोवाकर

पंचवीसचा नियम २०२४ पासून आहे. सान मार्कोत जमिनीवर बसून खाल्लं तर दंडच होतो, तुम्ही नुसत्या बोलण्यावर सुटलात. आणि हो, बेचाळीस जण एका पुलावर फोटोला थांबले की मागे काय होतं ते मी भोगलंय. एकदा त्यात माझी ट्रेन चुकली.

वरणभात

अरेरे. तुमची ट्रेन चुकली, ती युनेस्कोला कळवा.

पादोवाकर

ठीक, तिरकस बोलण्याची सुरुवात मी केली, भरतो. एक गोष्ट नानांची शंभर टक्के खरी: तो काचेचा पूल भिकार आहे. कालात्रावा नावाच्या बड्या आर्किटेक्टने बांधला, २००८ साली उघडला, तेव्हापासून लोक पडतायत. कोर्टाने २०१९ मध्ये त्याला ७८ हजार युरोंचा दंड ठोकला. काच काढून दगड बसवायचं ठरलं, इतकी ती निसरडी. काकूंच्या गुडघ्याबद्दल खरंच वाईट वाटलं.

पण नाना, पुलाच्या अलीकडे प्याझाले रोमा चौकात क्लोकरूम आहे. बॅगा तिथे का नाही टाकल्या?

फिरस्ता नाना

दर बॅगेला वेगळे पैसे म्हणाला. चारांचा हिशोब केला आणि म्हटलं, ओढतो.

लोणचं

सूट घालून जेवणारा माणूस.

पादोवाकर

आणि रात्री कुठे राहिलात?

फिरस्ता नाना

मेस्त्रेला. का? त्यावरून पण बोलणार?

पादोवाकर

बोलणार. शहराची फी किती भरलीत?

फिरस्ता नाना

माणशी दहा. शनिवार होता. बसमध्येच मोबाइलवर भरली, टूरवाल्या पोराने भरायला लावली. पाच होती म्हणे, उशीर केला म्हणून दहा. तीच तर लूट!

पादोवाकर

पाच लागते चार दिवस आधी भरली तर. पण तो मुद्दाच नाही. फी आहे ती सकाळी साडेआठ ते चारमध्ये येऊन रात्री न राहणाऱ्यांना. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं. तिथल्या हॉटेलात बुकिंग असलेल्याला माफी असते. साइटवर माफीचा कोड काढायचा आणि दाखवायचा, एवढंच. तुम्ही वीस युरो उगाच भरलेत.

कोथरूडची लेक

आई गं.

दस्तुरीचा दादा

नाना, माथेरानला या. पावती फाडू, पण एकदाच. बॅग एकच आणा.

फिरस्ता नाना

मिसेसना वाचून दाखवलं. गुडघा धरून हसतायत. त्या बसमध्येच म्हणत होत्या, 'अहो, आधी नीट वाचा तरी,' असं त्यांचं म्हणणं. मला आठवत नाही.

चार बॅगा जास्त झाल्या, मान्य. वीस युरोंसाठी त्या टूरवाल्या पोराला आत्ताच फोन लावतोय. दादरचं वाक्य मात्र मागे घेणार नाही.