प्रति: संसर्गात पी३८ बंद करावं का?

वर तुम्ही म्हणालात की पी३८ हे पेशीत धोक्याचा निरोप पुढे नेणारं एन्झाइम दाह वाढवतं, म्हणून संसर्ग झाला की ते बंदच करावं. मला ही घाई वाटते. प्लेगचा जंतू बघा, १८९६ साली मुंबईत थैमान घालणारा. तो सुईसारख्या नळीतून आपल्या पेशीत योप-जे नावाचं प्रथिन टोचतो. पी३८ला जागं करणाऱ्या एन्झाइमवर, ते चालू व्हायला फॉस्फेट जिथे बसायचं, नेमक्या त्याच जागी हे प्रथिन अ‍ॅसिटिल गट (अणूंचा छोटा पुंजका) चिकटवतं. कुलपात काडी मोडून ठेवावी तसं! धोक्याचा निरोप पुढे जातच नाही. हे २००६ मध्ये उलगडलं. अँथ्रॅक्सचं विष तर पी३८ला जागं करणारी ही एन्झाइमं सरळ कापतं. जंतू जे बंद पाडायला एवढे धडपडतात, ते आपण आयतं बंद करून द्यायचं? दाह हाताबाहेर गेल्यावरची गोष्ट वेगळी, पण पहिल्या दिवसांत तरी नको.