शब्दचर्चा : तंतू 'चिकटतात' की आणखी काही?

अर्धाशब्द : फायबरबोर्ड (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) बनवणाऱ्या कामगारांसाठीची पुस्तिका मराठीत करतोय. 'बाँडिंग'ला सरसकट 'चिकटणे' लिहीत आलो आणि हार्डबोर्डच्या प्रकरणात अडकलो. तिथे डिंक-सरस काहीच न घालताही फळी पक्की होते! 'बाइंडर'ला 'बंधक' लिहावं तर ओलीस आठवतात. आणि लाकडात तंतूंना जोडून ठेवणाऱ्या लिग्निनला काय म्हणू?

लगदेबुवा : परिभाषेत 'काष्ठीर' आहे. लॅटिन 'लिग्नम' म्हणजे लाकूड, त्यावरून लिग्निन. तसंच काष्ठावरून काष्ठीर. सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मुख्य घटक, त्याला तूलीर; तूल म्हणजे कापूस. छान घडवलेत शब्द, पण मशीनवरच्या माणसाला 'लिग्निन'च कळेल. बाइंडरला 'बंधद्रव्य' चालेल.

खरी गंमत क्रियापदात आहे. विल्यम मेसनने १९२४ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेल गावी लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाखाली ठेवून दाब एकदम सोडला. चिपा फुटून तंतू मोकळे झाले. त्यांचा ओला लगदा गरम प्रेसमध्ये दाबला की लिग्निन मऊ होऊन पसरतं आणि निवल्यावर घट्ट होतं. हार्डबोर्ड उलटा करून पाहा, जाळीचे ठसे दिसतील; पाणी निघून जायला खाली जाळी असते, तिचे ते. इथे 'थिजणे' म्हणा, तुपासारखं.

एमडीएफचं (मध्यम घनतेच्या फायबरबोर्डचं) वेगळं. तिथे तंतूंवर बहुधा यूरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन हे बंधद्रव्य फवारतात. ते थिजत नाही, खरवसासारखं बसतं. खरवस पुन्हा तापवून चीक होतो का?

चिकित्सक : थोडी दुरुस्ती. प्रेसच्या उष्णतेत लिग्निनमध्येही काही नवे रासायनिक बंध जुळतात. सगळंच तूप नव्हे.

लगदेबुवा : मान्य. तूप बिघडलं, उपमा राहू द्या.

रंधा : आमचे वडील सुतार. "सागाला सरस धरत नाही, तेलकट लाकूड," म्हणायचे. म्हणून मला 'धरणे' जवळचं वाटतं. त्यात चिकटवणाऱ्याइतकंच लाकडाचंही काम येतं. ओल लागली की एमडीएफची कड का फुगते हो?

लगदेबुवा : सेल्युलोज आणि त्याचं भावंड हेमिसेल्युलोज यांच्यावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यांच्यामुळेच तंतू एकमेकांना आणि रेझिनला धरतात, पण ते पाण्यालाही तितक्याच आवडीने धरतात. त्यात दाबलेले तंतू पाणी पिऊन मूळ आकाराकडे उसळतात. आणखी एक : यूरिया-फॉर्मल्डिहाइड आम्लात बसतं. लाकूड स्वतःच फार आम्ल असेल, तर प्रेस मिटण्याआधीच रेझिन बसून जातं आणि मग तंतू धरतच नाहीत.

अर्धाशब्द : म्हणजे 'प्रीक्युअर'! त्याला 'पूर्वदृढीकरण' लिहिलंय मी.

रंधा : अरे बापरे. आमचा गवंडी वापरायच्या आधीच घट्ट झालेल्या सिमेंटला "माल मेला" म्हणतो.

अर्धाशब्द : घेतला.